तेलाचा ठिपका

रबाळे एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत
जोमा मढवीचं गॅरेज. पाटी नाही.
शटरवर खडूने : हॉर्न वाजवू नये, मी आतच आहे.

मी तयारीनिशी गेलो होतो,
तीन रात्री जागून आकडे पाठ केलेले.
टेन डब्ल्यू सिक्स्टी पाहिजे, म्हणालो, फुल सिंथेटिक,
रेसवाले घालतात ते,
डबा कितीलाही असो.
मागे ती उभी होती, निळी,
सेकंडहँड, दोनशे चार घोड्यांची,
बॉनेटखाली टर्बो.

जोमाने घोड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.
डिपस्टिक ओढली,
कालच्या पेपराच्या कोऱ्या कडेवर
एक थेंब टेकवला
आणि चहा सांगितला.

कटिंग येईपर्यंत थेंब पसरत गेला.
मधे काळं, भोवती तपकिरी,
आणि सगळ्यात बाहेर एक फिकट ओलसर कडं
जे तिथं असायला नको होतं.
त्याने कागद आपल्या नाकाशी नेला, मग माझ्या.
पेट्रोल.

"रोज किती चालते?"
घणसोली ते महापे.
"म्हंजे चार किलोमीटर."
साडेचार.
"आनि रविवारी?"
रविवारी मी ती पुसतो.

"गारी पलत नाय तुमची, शेठ.
नुसती उठते, जांभई देते नि झोपते.
तेल गरम व्हायच्या आत हापिस येतंय,
पेट्रोल खाली उतरतंय, त्याला पातल करतंय.
आनि तुमी मागताय काकवी."

मग त्याने कोपऱ्यातून एक मेलेला टर्बो आणला,
त्याची दांडी माझ्या तळहातावर ठेवली.
करंगळीहून बारीक.
मिनिटाला दीड लाख फेरे घेते, म्हणाला,
आणि कशालाच टेकत नाही.
मधे फक्त तेल, दुधावरच्या सायीहून पातळ.
ही टेकली होती.
एका अंगाने निळसर भाजलेली,
वर काळा थर, कढईच्या काठावर
तळण करपून बसतं तसा.
"सीवूड्सचा पोरगा. पाम बीचवर एकशेसाठ,
नि घराखाली येऊन फटकन चावी बंद.
दांडी फिरतेच आहे, तेल थांबलंय. जललं."
तेल महागातलं होतं.
डब्यावर ज्वाळा छापलेल्या होत्या.

मॅन्युअल आहे?
होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरंकरकरीत.
तीनशे बाराव्या पानावर बारीक टायपात एक ओळ,
मी जगातलं सगळं वाचलं होतं, तेवढी सोडून :
फाइव्ह डब्ल्यू थर्टी, आणि कंपनीचा मान्यता-क्रमांक.
"हाच नंबर डब्याच्या मागं जुलवा.
म्होरच्या ज्वाला नका बघू.
आनि किलोमीटर मोजू नका, सहा महिन्यांनी बदला."

डब्ल्यू म्हणजे? मी उगाच विचारलं.
हिवाळा, म्हणाला. थंड इंजिनात तेल किती चटकन धावतं, त्याचा आकडा.
इथे हिवाळा म्हणजे
ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात तेवढाच,
पण इंजिनाला रोज सकाळी हिवाळाच असतो.

बिल मी ठरवून आलो होतो त्याच्या निम्मं झालं.
याचं जरा वाईट वाटलं.

रविवारी फडकं घरीच ठेवलं.
पहाटे वाशीहून निघालो, दमानं,
तेलाचा काटा नव्वदला टेकेपर्यंत.
मग नेरुळच्या पुढे, रस्ता मोकळा पाहून, एकदाच
पाय दाबला.
पुढून कुणीतरी लांब श्वास भरून घेतल्याचा आवाज आला.
क्षणभर वाटलं, मीच.

बेलापूरला किल्ल्यापाशी थांबलो.
चावीला हात लावला नाही.
साठपर्यंत मोजा, जोमा म्हणाला होता.
अठ्ठाविसाला एक कुत्रं येऊन
बंपराच्या उबेत बसलं.
एक्केचाळिसाला आठवलं, मृदुलाला विचारलंच नाही,
येतेस का म्हणून.
मग मोजणी चुकली.
पुन्हा एकपासून सुरू केलं.